नववर्षाच्या मुंग्या

चहा आधी पिऊन घ्या बरं, नाहीतर हसता हसता सांडाल. माझी जी फजिती झाली, तशी आमच्या अख्ख्या ऊर्जानगरात कोणाची झाली नसेल. आणि झाली कशापायी? तर टीव्हीवरच्या एका साध्या शुभेच्छेपायी!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सणावारी टीव्हीवर हलती चित्रं लागायची, आठवतात? दिवाळीला एक पणती यायची, डोळे मिचकावायची आणि दोन हात जोडायची. होळीला पिचकारी आपली आपणच उडायची. हात हलायचा तोही कसा? आधी एक झटका, मग जरा दम, मग दुसरा झटका. पण जीव जडायचा हो त्या चित्रांवर. आज मोबाइलवर सकाळी उठल्यापासून ढीगभर फुलं येतात, पण त्या पणतीची सर एकालाही नाही.

मी चंद्रपूरच्या वीज केंद्रात हेल्पर होतो, ऊर्जानगर ही त्याचीच वसाहत. सासुरवाडी गोंडपिपरीकडची. लग्नाच्या बोलणीच्या वेळी मी सासऱ्यांच्या कानावर घातलं होतं, की माझ्यावाचून वीज केंद्राचं पान हलत नाही. आता हेल्परनं पाना आणून दिला नाही तर काम अडतंच ना? मग त्यात खोटं काय?

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. माणूस कमी बोलणारा. मी काही सांगितलं की ना हो, ना नाही, नुसतं माझ्याकडे पाहायचे. त्या पाहण्याची मला फार धास्ती. दिवाळीत माझ्या बायकोनं, सुमननं, माहेरी जाऊन त्या पणतीचं कौतुक सांगितलं. मामाजींना ते पटेना.

"डब्ब्यातली पणती मले हात जोडते? काऊन, मी काय तिच्या ओळखीचा हावो?"

शेतातली कामं उरकून एक जानेवारीला ते स्वतःच बसनं आले. जय भीम झाला, पाणी झालं, आणि मामाजी टीव्हीसमोर मांडी घालून बसले. आता तुम्हीच सांगा, परीक्षा टीव्हीची होती की माझी?

संध्याकाळी टीव्ही लावला. मुख्य कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून नव्या वर्षाचं चित्रच लावून ठेवलं होतं. छान उतरत्या छपराचं घर, बाजूला उंच निमुळतं झाड, खाली 'नव वर्ष की शुभकामनाएँ'. मी ऐटीत मामाजींकडे पाहिलं आणि परत टीव्हीकडे पाहतो तर काय! पडद्यावर पांढरे पांढरे ठिपके!

मुंग्या! सिग्नल बिघडला की पडद्यावर जी खरखर यायची, तिला आम्ही मुंग्याच म्हणायचो. ऐन मामाजींसमोर मुंग्या? मी उठलोच.

"काही नाई मामाजी, दोन मिंटात साफ करतो. आपलं रोजचंच काम हाय."

धावत गच्चीवर गेलो आणि अँटेनाचा पाइप धरला. खिडकीत सुमन, टीव्हीसमोर मामाजी.

"गेल्या का मुंग्या?" मी वरून.

"बाबा, गेल्या का?" सुमन आत.

"नाई ना व! घरावर बी हायेत अन् झाडावर बी हायेत."

मी पाइप फिरवला. "आता?"

"आता तं वाढून राह्यल्या म्हणते बाबा!"

"चित्र हालते का?"

"चित्र एकदम साफ हाय. मुंग्याच तेवढ्या वरून खाली येऊन राह्यल्या!"

आता एखाद्या शहाण्या माणसाला इथंच काही उमगलं असतं. चित्र साफ आहे आणि मुंग्या शिस्तीत वरून खाली येताहेत, असं कधी होतं का? पण मी पडलो वीज केंद्राचा आधारस्तंभ! मी लगेच निदान केलं, सिग्नल वरच्या वर गळतोय.

तेवढ्यात शेजारचे मेश्राम भाऊ अंगणात आले. "काऊन भाऊ, वर काय करून राह्यले?"

"मुंग्या आल्या ना भाऊ! तुमच्याकडे?"

ते आत जाऊन पाहून आले. "हाव ना जी! आमच्या इथी बी मुंग्या!"

मी वरूनच फर्मान काढलं, "फिरवा अँटेना! पूर्वेकडे फिरवा!"

झालं! वीज केंद्रातला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण थांबतो? बघता बघता आमच्या क्वार्टरांची सगळी लाइन गच्चीवर. इकडून "गेल्या काय?", तिकडून "नाई गेल्या!" मी मधोमध उभा राहून हातवारे करतोय, जणू रेल्वेचा सिग्नलवाला. आणि खरं सांगतो, मला मजा येत होती. मामाजी अंगणात येऊन खालून पाहत होते. पाहा म्हटलं, तुमचा जावई काय चीज आहे!

शेवटी मी पाइपला असा जोर दिला, की अँटेनाच वाकला. आतून सुमन ओरडली, "आता तं चित्रच गेलं! निस्त्या मुंग्याच राह्यल्या!" माझं पाहून बाकीच्यांनीही जोर लावला होता. सगळ्या लाइनीत आता एकाच्याही टीव्हीवर धड चित्र नाही.

एवढ्यात शेवटच्या क्वार्टरमधल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई दारात आल्या. "अहो, सगळे वर काय करता? माझ्याकडे टीव्ही झकास दिसतो. या की!"

आम्ही सगळे खाली मान घालून त्यांच्या घरी. चित्र तेच लागलेलं होतं. तेच घर, तेच झाड, आणि तेच ठिपके वरून खाली!

मी म्हणालो, "बाई, मुंग्या तं तुमच्याकडे बी हायेत."

बाई हसायलाच लागल्या. "भाऊ, मुंग्या कुठच्या? बर्फ पडून राह्यला तो! थंड देशातला देखावा आहे."

बर्फ! आता आमचा चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला बर्फ माहीत तो लाकडाच्या भुशातला, किसून गोळा करतात तो. तो आभाळातून पडतो, हे शाळेत वाचलं होतं, पण असा भुरुभुरु पडताना पाहिला होता कोणी?

मेश्राम भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या लाइनीनं पाहिलं. मामाजींनी मात्र पाहिलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. मग पडद्यावरच्या शुभेच्छेला दोन हात जोडून म्हणाले, "तुमाले बी." मला तेव्हा माझी लाज वाटली, आणि त्यांच्यावर माया आली, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. घरी मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण गावात काय सांगितलं असेल? "जवाईच्या हातात भारी विद्या हाय. टीव्हीत बर्फ पडत होता, वर चढला अन् बंद करून टाकला!"

पुढच्या हंगामात सासुरवाडीला गेलो. खळ्यावर धान पडलेलं आणि अचानक ढग भरून आले. थेंब पडायला लागले. माणसं ताडपत्री घेऊन धावली. मामाजी शांतपणे गोठ्यामागं गेले, शिडी आणली, छपराला टेकवली आणि सगळ्या गावासमोर मला म्हणाले, "चढा जवाई. बंद करा."

सगळं गाव हसलं. पण तुम्हाला म्हणून खरं सांगतो, एवढी माणसं आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर मी पहिल्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा होता!