झडीत रंगवलेल्या गाड्या

सरदारला लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नव्हता, हे लातुरात फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. सरदार गाड्यांना रंग मारायचा. औसा रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं एका डॉक्टरच्या मरून फियाटचं दार शेवाळी करून ठेवलं. त्या दिवशी घरी येऊन तो साबेराला म्हणाला, "मला ते दोन्ही एकच दिसतात. कुणाला सांगू नको."

तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर तो गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण खोलून घरी आणायचा. साबेरा चुलीपासून लांब, खिडकीशी बसून कटोरीत रंग जमवायची. काळ्याचा एक थेंब, पिवळ्याचे दोन. झाकणावर बोटानं लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा बघायचा. गॅरेजात लोक विचारायचे, सरदारमियाँ, रंग घरी जाऊन का जमवता? तो म्हणायचा, "हितं ऊन लई पडतं, डोळा फसतो." लोकांना वाटायचं, याच्याकडं काहीतरी गुपित हाय. ते खोटंही नव्हतं.

त्र्याण्णव साली सप्टेंबरात साबेराला मुदतीचा ताप आला. तिची आई किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायची. ती आली आणि सहा वर्षांच्या नातीला घेऊन गेली. पोरीचं नाव कहकशां. आठ दिवसांनी परत आणून सोडते, म्हणाली. पाचव्या दिवशी पहाटे जमीन हलली. लातुरात सगळी गल्ली रस्त्यावर आली. साबेरा तापातच चादर गुंडाळून उभी होती. कुठं काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. रेडिओवर गावांची नावं यायला लागली तेव्हा सरदार चहा तसाच ठेवून उठला आणि मिळेल त्या ट्रकवर चढला.

तो तिसऱ्या दिवशी आला. पाऊस चालूच होता. गुडघ्यापर्यंत चिखल होता. दारात उभं राहून तो म्हणाला, "दोघींना एकाच ठिकाणी ठिवलं." मग त्यानं हातपाय धुतले. साबेरानं त्याला भात वाढला. एवढंच झालं. शेजारणी येऊन रडल्या, हिच्या गळ्यात पडल्या. हिला रडू आलं नाही. अशक्तपणामुळं असंल, असं त्या आपसांत म्हणाल्या. साबेरालाही तसंच वाटलं. ताप उतरला, अंगात ताकद आली, तरी रडू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मदतीला आलेल्या जीपगाड्यांवर नावं टाकायचं काम सरदारला मिळालं. साबेरानं निळा जमवून दिला. पुन्हा मूल झालं नाही. दोघांनी पोरीचं नाव घरात काढलं नाही. ठरवून नव्हे, पण काढलं नाही.

मग लातूर बदललं. मराठवाडाभरातली पोरं डॉक्टर व्हायला लातुरात यायला लागली. क्लासच्या इमारती उठल्या, वसतिगृहं उठली, मेसचे बोर्ड लागले. गॅरेजच्या गल्लीत पोरींचं वसतिगृह झालं, थिनरच्या वासाच्या तक्रारी झाल्या आणि मालकानं जागा विकून टाकली. सरदारची छाती तोवर खराब झालीच होती. त्याच जागेवर हरिओम सरांचा फिजिक्सचा क्लास उभा राहिला.

हे हरिओम सर उदगीरकडचे. जरा वेगळा माणूस. दरवर्षी मेडिकलला नंबर लागलेल्या आपल्या पोरांना ते शाल-नारळ द्यायचे नाहीत, तळहाताएवढी गाडी द्यायचे. खऱ्या गाडीच्या बरोब्बर चोविसाव्या हिश्श्याची. "खेळणं नको, माप पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. धातूच्या कोऱ्या गाड्या खोक्यानं हैदराबादहून यायच्या. रंग पोरांनी निवडायचा, आणि नंबरप्लेटवर पोराचे मार्क. ते काम त्यांनी सरदारला दिलं. पहिला हंगाम सरदारनं घरीच केला, साबेरा शेजारी बसून बघायची. पुढच्या मार्चमध्ये तो गेला.

जूनमध्ये निकाल लागला तसे हरिओम सर दारात आले. हातात खोकं होतं.

"भाभी, मी दुसरीकडं बघतो. तुम्हाला फक्त सांगायला आलो."

"ठिवा तिथं," साबेरा म्हणाली.

"पण रंगवणार कोण?"

"रंगवणारी हायच की."

काम सोपं नव्हतं. निकाल जूनचा, सत्कार जुलैचा, म्हणजे सगळं काम पावसाळ्यात. मोकळ्यावर मारायची सोय नाही. ओल्या हवेत रंग मारला की वाळता वाळता त्यावर साय धरते, दुधाची धरते तशी पांढरी. सरदार अशा दिवशी कामच करायचा नाही. साबेरानं आतल्या खोलीत सोय लावली. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायची. उभ्या खोक्यात गाडी ठेवायची, तोंडाला ओढणी दुहेरी बांधायची आणि पेनाएवढ्या स्प्रे-गननं लांबून, हलक्या हातानं फवारा मारायची. एक हात, वाळवण, दुसरा हात. रंगवलेली गाडी लगेच लोखंडी कपाटात. कपाटात शंभराचा बल्ब, तो आधी घंटाभर पेटवून ठेवायचा. आत कोरडी ऊब राहायची आणि साय धरायची नाही. वर्षाला तीस-चाळीस गाड्या. एकही परत आली नाही. सर कौतुक करायचे. ती ऐकून घ्यायची. काम झालं की झोपायची, उठली की काम करायची.

दोन हजार तेराच्या जुलैत झड लागली. आठ-आठ दिवस ऊन नाही. सरांच्या कारकुनानं यादी आणून दिली. साबेरा यादीवर बोट ठेवून एकेक करत होती. बाविसाव्या नावावर बोट आलं. शेख कहकशां, जळकोट. पुढं रंग लिहिला होता, आकाशी.

तिनं आकाशी जमवला. गाडीला अस्तर दिलेलंच होतं. दोन हात मारले, कपाटात ठेवली, दार लावलं. घंट्यानं बघितलं तर गाडीवर साय. तिनं घासायचा पाण्याचा पेपर मारून रंग उतरवला आणि पुन्हा मारला. पुन्हा साय. तिसऱ्यांदा कपाट उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आत अंधार हाय. सकाळपासून बल्ब लावलाच नव्हता. ती थोडा वेळ बटणाकडं बघत उभी राहिली. मग बटण दाबलं आणि पुन्हा पेपर हातात घेतला.

सत्काराच्या दिवशी जळकोटची पोरगी आलीच नाही. वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं. दोन दिवसांनी सरांनी फोन करून सांगितलं, क्लासला सुट्टी आहे, ते लोक थेट तुमच्याकडंच येतील, गाडी पाठवतो, देऊन टाका.

दुपारी बाप-लेक आले. बाप साद, जळकोटात शिलाईकाम करायचा. पोरगी सतरा-अठराची, चष्मेवाली, सडसडीत. साबेरानं बुटाचं खोकं उघडून गाडी पुढं केली. पोरगी बापाकडं बघायला लागली.

"काय झालं?" साबेरानं विचारलं.

"खाला, मी काळा लिहिला होता. आकाशी शिल्पानं लिहिला होता. यादीत ती माझ्या वर हाय, कारकुनानं रंग उलटे उतरवले असतील."

"मग शिल्पाला काळी गेली. न्हेली बी तिनं. बोलली न्हाई काही," साबेरा म्हणाली.

"राहू द्या," बाप घाईघाईनं म्हणाला. "आकाशी बी चांगलीच हाय. चल गं."

पोरगी हलली नाही. साबेरानं तिच्याकडं बघितलं, गाडी उचलली आणि म्हणाली, "बसा. दोन घंटे लागतील."

तिनं बल्ब लावला. आकाशीवर हलका पेपर फिरवला, पुसून घेतलं, काळा ढवळला. बाप ओसरीत बसला. पोरगी आतल्या दाराशी उभी राहून बघत होती. पहिला हात मारून झाला.

"नाव कुणी ठिवलं?" साबेरानं विचारलं.

"दादीनं. आभाळात ताऱ्यांचा पट्टा असतो ना, तो."

"माझ्या पोरीचं बी हेच होतं."

"ती कुठं असती?" ओसरीतून बापानं विचारलं.

"भूकंपात गेली."

वीस वर्षांत हे वाक्य तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, ज्याला त्याला माहीतच होतं. वाक्य बोलून झाल्यावर ती थांबली. आता काहीतरी होईल, असं तिला वाटलं. छातीत, घशात, कुठंतरी. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"किती वर्षांची होती?" पोरीनं विचारलं.

"सहा."

पोरगी गाडीकडं बघायला लागली. मग एकदम पुढं वाकली. "खाला, पांढरं यायलंय!"

बोलण्याच्या नादात गाडी बाहेरच राहिली होती. काळ्यावर साय सगळ्यात आधी दिसते. साबेरानं गाडी उचलून कपाटात बल्बाच्या अगदी जवळ धरली. पोरगीही शेजारी येऊन वाकली. दोघी बघत राहिल्या. हळूहळू कडेनं पांढरं विरत गेलं.

"गेलं," पोरगी म्हणाली.

"हाव. अजून दोन हात मारायचे हायेत."

चारच्या सुमारास बाप-लेक बस गाठायला निघाले. खोकं पोरीनं पोटाशी धरलं होतं, वरून बापानं आपली पिशवी धरली होती.

ऑगस्टमध्ये साबेरा आईच्या गावाला गेली. भूकंपानंतर पहिल्यांदाच. गाव आता कोसभरावर नव्यानं वसलंय, सारख्या घरांच्या सरळ रांगा. तिथं नीलाबाई नावाची म्हातारी तिच्या आईला ओळखणारी निघाली. ती साबेराला घेऊन जुन्या गावाकडं गेली. येड्या बाभळी माजल्या होत्या. पायाखाली दगड. नीलाबाईनं काठीनं दाखवलं, "ह्या अंगाला तुमच्या लोकांना ठिवलं होतं. नेमकं कुठं, ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाई बघ."

साबेरा उभी राहिली. इथं आल्यावर तरी काहीतरी वाटेल, असं तिनं येताना मनात धरलं होतं. पाय दुखत होते, ऊन लागत होतं. तिनं दुआ मागितली. नीलाबाई लांब दगडावर बसून होती.

घरी आल्यावर नीलाबाईनं ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं टाकलं. साबेरानं दोन खाल्ल्या. नीलाबाईनं तिसरी वाढायच्या आधीच तिनं ताट पुढं केलं. आपल्याला एवढी भूक लागलीय हे तिला तेव्हाच कळलं.

"पुन्हा येचील का गं?" नीलाबाईनं विचारलं.

"येईन की, मावशी."

तेव्हापासून ती वर्षातून एकदा जाते, गाड्यांचं काम संपलं की. आता जुन्या गावाकडं जातच असते असं नाही. नीलाबाईकडं जेवते, घंटाभर तिथंच लवंडते आणि संध्याकाळच्या बसनं लातूरला परत येते.