बाकीचे चहाला गेलेत

मी पत्रकं लिहिते. कंत्राटी कामगारांची, पाण्याची, पाडायला निघालेल्या वस्त्यांची. नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत रस्त्यावर कुणी तुमच्या हातात चतकोर कागद कोंबला असेल, तर त्यातले बरेच शब्द माझे असतील. दुसऱ्याला जाब विचारणं हेच माझं काम. पण एका गोष्टीचा जाब मला कधी कुणी विचारला नाही, कारण ती कुणाला माहीत नाही. आईला नाही, संघटनेत नाही. जिला माहीत आहे, ती बोलली नाही. आज तुम्हाला सांगते.

गोष्ट एका अल्बमची आहे. हसा खुशाल, मलाही सुरुवातीला हसूच आलं होतं.

इंग्रजी, रॉक, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही लगेच तुमचं मत सांगायला लागाल — किंवा बऱ्याचदा होतं तसं, दुसऱ्याचं. जगातल्या थोर अल्बमच्या याद्या निघतात, त्यांत तो कायम वरती. कॉलेज रोडला चहा पिणाऱ्या पोरांच्या टी-शर्टवर त्याचं कव्हर, आणि त्यातल्या किती जणांनी तो शेवटपर्यंत ऐकलाय, हे विचारायची सोय नाही. मी ऐकलाय. शेवटपर्यंत, पुष्कळ वेळा. आणि माझं मत पहिल्या दिवसापासून बदललेलं नाही. पहिली बाजू खणखणीत आहे. कारखान्यांच्या गावातली चिडलेली पोरं गातात, ड्रम पडतो तो मशीनच्या ठोक्यासारखा, ऐकताना आपल्याच पगाराची स्लिप आठवते. दुसरी बाजू म्हणजे नुसती हवा भरलीय. एकच लांबलचक गाणं, त्यात आरसे, राजे, समुद्र, आणि मधोमध गिटार — संपतच नाही. पहिल्या बाजूला ज्यांना घरभाडं परवडत नव्हतं, त्यांना दुसऱ्या बाजूला अचानक समुद्राचं दुःख कुठून झालं? अर्धा थोर, अर्धा भंपक. इतकं साधं आहे ते. अर्ध्या अल्बमवर पन्नास वर्षं कीर्ती चाललीय, आणि बोलायची कुणाची टाप नाही.

हे बघा, परत पत्रक लिहायला लागले. अल्बमला शिव्या घालणं सोपं आहे. तो काही उलट बोलत नाही.

मूळ गोष्टीकडे येते.

नाशिकरोडला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आमच्या संघटनेचं ऑफिस आहे. विलासदादा आमचे ज्येष्ठ. तरुणपणी संपात नोकरी गेली तेव्हा कुणीतरी त्यांना या अल्बमची कॉपी केलेली कॅसेट दिली होती. त्या बेकारीच्या दिवसांत ती त्यांनी झिजेपर्यंत ऐकली. तेव्हापासून वर्षातून एका रविवारी ऑफिसात अख्खा अल्बम लावायचा, ही आमची रीत. सगळ्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचं, मध्ये उठायचं नाही, मोबाईल बंद. आणि शेवटी ठराव. आमच्याकडे सगळ्याचाच ठराव होतो. ऑफिसात माठ घ्यायचा की कॅन, याचाही झाला होता. तसा दरवर्षी या अल्बमचाही: हा कष्टकऱ्यांच्या संतापाचा आवाज आहे. हात वर, एकमताने मंजूर. बाहेरच्याला वेड्यासारखं वाटेल. आत असलं की वाटत नाही.

आणि ज्याचं पाऊल चुकलं त्याने उभं राहून आत्मटीका करायची, हीसुद्धा रीत. आपली चूक आपल्या तोंडाने, सगळ्यांसमोर. ती चांगली रीत आहे असं मी कित्येक नव्या पोरांना समजावून सांगितलंय. त्यांच्यासमोर स्वतः कधी उभी राहिले का? — सांगते.

वैशाली सायखेड्याची. बीएला आमच्या कॉलनीत मामाकडे राहायला आली आणि मीच तिला संघटनेत आणलं. तिचा आवाज असा, की गोदावरीच्या काठावर गायली तर पलीकडच्या मळ्यातला माणूस काम थांबवेल. आमच्या कलापथकात वर्षभराच्या आतच पहिला आवाज तिचा झाला. मे महिन्यात कामगार मेळावा होता, आणि पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मैदानावर ती सुरुवातीचं गाणं उचलणार होती. घरचे लग्नाचं बघत होते. ती म्हणायची, "एकदा त्या मैदानावर गाऊ दे. आण्णा येऊन बघतील, मग नाय बोलायचे काही." एवढा सगळा हिशोब तिने त्या एका गाण्यावर बांधला होता.

त्या वर्षीच्या अल्बमच्या रविवारआधी आम्ही दोघी सिन्नरला गेलो होतो, कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटायला. परतताना शेअर जीपमध्ये मागच्या बाकावर कोंबून बसलेलो. वैशालीने अल्बम ऐकलेला नव्हता, म्हणून एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. पहिली बाजू तिला आवडली, गुडघ्यावर ताल धरला तिने. मग दुसरी सुरू झाली. मग ती गिटार. शिंद्याचा टोलनाका आला तरी गिटार चालूच. वैशालीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आणि मी म्हणाले —

"गिटारवाला एकटाच वाजवत बसलाय. बाकीचे चहाला गेलेत."

ती एवढी हसली, की शेजारच्या मावशींनी पिशवी सावरली. नाशिकरोड येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं. "अजून आले नाय वाटतं गं." "दुसरा कप घेतला असेल." मग मी तिला सगळं सांगितलं — दुसरी बाजू कशी पोकळ, दादांना त्या कॅसेटमध्ये स्वतःचं तरुणपण कसं ऐकू येतं, आणि आम्ही सगळे त्याला कसे माना डोलावतो. ती म्हणाली, "मग बोलत का नाय तू?" मी म्हणाले, यंदा बोलू. दोघी बोलू.

दोघी. हा शब्द माझा होता.

रविवारी अल्बम संपला. दादांनी विचारलं, नव्या साथींना काय वाटलं? वैशालीने हात वर केला. पहिल्या बाजूबद्दल छान बोलली, माझ्यापेक्षा चांगलं. मग म्हणाली, "दुसरी बाजू लय लांबली, दादा. गिटारवाला एकटाच वाजवत बसलाय, बाकीचे चहाला गेलेत."

सतरंजीवर हशा पिकला. दादा हसले नाहीत. दादा वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुम्ही त्यांच्यावर सगळं ढकलून मला सोडून द्याल. त्यांचा चेहरा फक्त उतरला — कुणी त्यांच्या त्या बेकारीच्या दिवसांनाच हसल्यासारखा. ते शांतपणे म्हणाले, "हे तुझं मत आहे?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या टेबलफॅनकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "माझंच हाय."

मग दादा माझ्याकडे वळले. "तू काय म्हणतेस? तुम्ही दोघी बरोबर ऐकता ना?"

इथपर्यंत मी मनातल्या मनात हजारदा येते आणि थांबते. फक्त एवढंच म्हणायचं होतं: ते वाक्य माझं आहे, दादा. काय झालं असतं? माझी आत्मटीका झाली असती. मी जुनी, लाडकी, पत्रकं लिहिणारी — मला दोन शब्द ऐकवून सोडून दिलं असतं. तुरुंग नव्हता, लाठी नव्हती. सिन्नरच्या गेटवर सिक्युरिटीवाला अंगावर आला तेव्हा मी मागे सरले नव्हते. मग एका उतरलेल्या चेहऱ्याला का घाबरले? नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी गप्पसुद्धा बसले नाही. मी म्हणाले —

"अवघड अल्बम आहे, दादा. कान तयार व्हावा लागतो. गावाकडे कुठून होणार तो?"

हे वाक्य पुन्हा वाचा हवं तर. मी रोज वाचते.

तिच्या घरात आणि माझ्या घरात भिंतीवर एकच तसबीर. जयंतीला तिच्या वस्तीत आणि आमच्या कॉलनीत लाउडस्पीकरवर तीच गाणी. माझा कान कुठल्या विलायतेत तयार झाला होता? सायखेडा ते नाशिकरोड, तासाभराचा रस्ता. तेवढ्या रस्त्याचा मी डोंगर केला आणि त्यावर चढून बसले. ज्या माणसांविरुद्ध मी पत्रकं लिहिते, ती माणसं नेमकं हेच बोलतात. तुम्हाला नाही कळायचं. तुमची तयारी नाही. एवढं अस्सल त्यांच्या भाषेत मला आधी कधी बोलता आलं नव्हतं.

वैशाली उभी राहिली. आत्मटीका केली. "चुकलं माझं. नीट ऐकलं नाय मी. चेष्टा करायला नको होती." ठरावाला तिने हात वर केला, मीही केला. एकमताने मंजूर.

त्यानंतर मेळाव्याचं गाणं दुसऱ्या मुलीला दिलं. कुणी शिक्षा म्हणून दिलं नाही, असंच बोललं गेलं — वैशालीने जरा ऐकायला शिकावं, पुढच्या वर्षी आहेच की. त्या बैठकीलाही मी होते. तिथेही माझा हात वर होता. मेळाव्याला तिचे आण्णा आले होते, कारण निरोप आधीच गेला होता. मांडवाच्या कडेला शेवटपर्यंत उभे राहिले, पोरगी कधी येते म्हणून. ती कोरसमध्ये दुसऱ्या रांगेत होती. महिन्याभरात ती मामाकडून गेली. मी फोन केला नाही. काय बोलले असते — कान कसाय?

आणि मी काय केलं? मी त्या अल्बमवर पत्रक लिहिलं. 'का ऐकावा' म्हणून. उत्तम लिहिलं, हे मीच सांगते. दुसऱ्या बाजूवर तर इतकं तळमळून लिहिलं, की दादांनी चष्मा काढून डोळे पुसले. खोटं लिहिताना माझा हात जास्त चालतो, हे मला तेव्हा कळलं. ते पत्रक अजून फिरतं, व्हॉट्सॅपवरही. कॉलेजची पोरं येऊन सांगतात, "ताई, तुमचं वाचून ऐकला, काय जबरदस्त आहे." विशेषतः ती गिटार, म्हणतात. मी त्यांच्या डोळ्यांत बघते. ती खोटं बोलताहेत, मला कळतं, तो चेहरा मी आरशात बघितलेला आहे. एकाने जरी म्हटलं असतं ना, ताई, मला झोप आली — मी त्याला मिठी मारली असती. कुणी म्हणत नाही. चीड येते मला. आणि तशी सवय त्यांना लावली कुणी? लोक मला विचारतात, हा अल्बम इतकी वर्षं टिकला कसा. मी त्यावर भाषण देते. खरं उत्तर एका ओळीचं आहे: तो माझ्यासारख्यांनी टिकवला.

आता शेवटचं. हे घडलं नसतं तर कदाचित लिहायलाही बसले नसते.

गेल्या महिन्यात मनमाडला गेलो होतो, स्टेशनवरच्या कंत्राटी सफाई कामगारांचं काम होतं. माझ्याबरोबर संघटनेतल्या दोन नव्या मुली. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर उभ्या होतो, तर समोरून वैशाली. हातात भाजीची पिशवी, खांद्याला पर्स. तिनेच ओळखलं. मनमाडला दिलंय तिला, तिथल्याच एका शाळेत शिकवते. मी विचारलं, गातेस का? "वर्गात कविता म्हणते की. पोरं लय गोंधळ घालत्यात, आवाज लागतोच." असं म्हणून हसली. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. मी त्याची तयारी करून ठेवली होती, तिच्या हसण्याची केली नव्हती.

मग चहाचा ग्लास हातात घेऊन ती म्हणाली, "अजून लावता का गं तो अल्बम?"

"हो. दरवर्षी."

"मग? बाकीचे आले का चहा पिऊन?"

तिने ते वाक्य मला परत आणून दिलं होतं. रागाने नाही — जीपमधल्या त्याच आवाजात. फक्त हात पुढे करायचा होता. समोर दादा नव्हते, सतरंजी नव्हती, ठराव नव्हता.

त्या दोन मुलींपैकी एकीने विचारलं, "काय ताई, कसला जोक?"

मी म्हणाले, "काही नाही गं. हिचा एक जुना जोक आहे."

वैशालीने ग्लास ठेवला. "हां," ती म्हणाली, "माझाच हाय." आणि पिशवी उचलून गेली.

जोक माझा होता.