फडताळातला कॉम्प्युटर

आमच्या सापगावच्या घरात कॉम्प्युटरला जागाच नव्हती. टेबल आत आणलं तर माणसांनी ओटीवर झोपावं, एवढंसं घर. पण मला तो घरातच हवा होता. ठाण्याला एका ऑफिसात मी टायपिंग करायची. निघताना मुलगी झोपलेली असायची, परतताना पुन्हा झोपलेली. रविवारी कडेवर घेतलं की ती सासूबाईंकडे हात करून रडायची. शहापूरच्या एका छापखान्याने लग्नपत्रिकांचं काम घरी द्यायचं कबूल केलं होतं. कॉम्प्युटर चालला की नोकरी सोडता येणार होती.

"माझं फडताळ घे गो," सासूबाई म्हणाल्या आणि कडधान्यांचे डबे खाटेखाली सरकवले. हवा लागली पाहिजे असं मी सहज म्हटलं होतं, तर त्यांनी फडताळाची दारंच काढायला लावली.

फडताळाच्या मापाने कल्याणहून कॉम्प्युटरचं सगळ्यात बुटकं कॅबिनेट आणलं. मॉनिटर ट्रंकेवर ठेवायचा ठरला. ऑफिसातल्या दुरुस्तीवाल्याचं बघून बघून मी जोडणी शिकले होते, पण तिथल्या मोठ्या कॅबिनेटमध्ये हात कोपरापर्यंत जायचा. इथे बोटंसुद्धा शिरेनात. मदरबोर्ड बसला तर वायर आडवी येई, वायर वळवली तर हार्डडिस्क बसेना. सुट्टीचे रविवार यातच जात. मी चिडले की सासूबाई मुलीला उचलून म्हणायच्या, "चल गो, तुझी आय डब्याशी भांडतंय."

अखेर तो सुरू झाला. सासूबाईंनी लगेच बंद करायला लावला. हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. आमच्याकडे नवा विळासुद्धा पूजेशिवाय शेतात जात नाही. मीही हात जोडून उभी राहिले.

त्यानंतर मात्र तो थोडा वेळ चालायचा आणि बंद पडायचा. मी आधी दुकानदाराला शिव्या घातल्या, मग स्वतःला. छापखान्याने काम दुसऱ्याला दिलं तर? मी चडफडत सगळं पुन्हा उघडलं. प्रोसेसरच्या पंख्यात कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा अडकून बसला होता. त्या कॅबिनेटला वरून जाळी होती आणि पंखा अगदी जाळीखालीच.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माज्याच हातानं बिघडला. आता मी नाय जात त्याच्या जवल."

मला हसू येत होतं, ते गिळलं. जिने जागा दिली तिनेच लांब राहायचं, हे मला सोसवेना. पंखा मोकळा केला, झाकण लावलं, जाळीवर जाड फडकं पसरलं आणि पूजेचं ताट त्यांच्या हातात दिलं. "आई, आधीची पूजा धरू नका. आता करा." त्यांनी चिमूटभर अक्षता अगदी जपून फडक्याच्या मधोमध ठेवल्या. पूजा झाल्यावर मी ते फडकं अक्षतांसकट अलगद उचललं आणि मगच बटण दाबलं. त्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत अखंड चालला, आणि पुढच्याच महिन्यात मी नोकरी सोडली.

पत्रिका जुळवताना फडताळाकडे नजर गेली की आजही मन भरून येतं. पण सासूबाईंनी काय काय दिलं, ते कळायला मला घरी राहावं लागलं. नोकरी सुटल्यावरच्या पहिल्या सकाळी मुलगी रडत उठली. सवयीने सासूबाईंचे हात पुढे झाले. मग त्यांनी ते मागे घेतले, "आयकडं जा गो," म्हणाल्या आणि घागर घेऊन पाण्याला निघून गेल्या.