पुसलं गेलेलं नाव

टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या माऊफांगा वस्तीत कुणी वारलं की आधी पाद्र्याला निरोप जाई, मग कालोलाइनेला. दफनाला वाटायच्या, मेलेल्याचा फोटो आणि नाव छापलेल्या पुस्तिका तिच्याच प्रिंटरवर निघत. बाई कामाला वाघ, तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाने घाई केली तर म्हणे, "मेलेला थांबलाय, तुला कसली घाई?"

मच्छीमार मानोआच्या पुस्तिकेत मात्र ती घसरली. कागद साधाच, पण फोटो झकास यावा म्हणून तिने सेटिंग फोटो-पेपरचं ठेवलं. मग त्या दीडशहाण्या प्रिंटरने काळ्या शाईला हातच लावला नाही. पाण्याने पुसले जाणारे तीन रंग कालवून काळा बनवला. अख्खी वस्ती काळ्या कपड्यांत, आणि मानोआचं नाव हिरवट! नमुन्याची प्रत हातात धरून बसलेल्या त्याच्या भावाच्या, सेमिसीच्या, घामाने तेही पुसलं गेलं.

तो कोयता घेऊनच आला. पहिल्या घावात दाराची काच गेली, दुसऱ्यात खुर्ची.

"माझ्या भावाला दुसऱ्यांदा मारलंस, सटवे!"

तिसरा घाव प्रिंटरवर येताना तिने हात मध्ये घातला. कोयता उलट्या बाजूने बसला म्हणून दोन बोटं तुटली नाहीत, नुसती मोडली. तिने दुसऱ्या हाताने मोठा स्टेपलर उचलला आणि त्याच्या कपाळात हाणला. कागदांवर दोघांचं रक्त सांडलं.

"खाली बस, मेल्या!" दारात मानोआची आत्या उभी होती. टोंगात भाच्यांवर आत्याचा शब्द शेवटचा. तिने सेमिसीच्या थोबाडीत दिली, आणि तो धिप्पाड गडी मुकाट काचांवरच बसला.

"दुपारी दफन आहे. होईल?"

"प्रिंटर वाचलाय ना? होईल, आत्याबाई. पण कागद हा रेडा लावेल."

प्रत्येक पान दोनदा छापलं. आधी फक्त फोटो. मग तेच पान पुन्हा घालून, साध्या कागदाच्या सेटिंगवर, पाण्याला न बधणाऱ्या निव्वळ काळ्या शाईत अक्षरं. सेमिसी कागद लावत होता. कपाळावरचं रक्त पानावर पडू नये म्हणून सारखा बाहीने पुसत होता.

दफनाच्या वेळी तो पुस्तिकेवर ओणवा होऊन ढसाढसा रडला. आसवं नावावर पडली. घाबरून त्याने अंगठ्याने हलकेच घासलं. मानोआ तसाच होता, काळाकुळकुळीत.

मान वर केली तर समोर कालोलाइने, हात फडक्यात बांधलेला.

"जोरात घास," ती म्हणाली. "नाही टिकलं तर ये परत. आठ बोटं शिल्लक आहेत माझी."