काठावरच्या तीन जोड चपला

घंटीवाले काका सकाळीच थकलेले असायचे. आमच्या शाळेची पहिली घंटी वाजवली की स्टुलावर टेकत अन् म्हणत, "थकलो बाप्पा!" त्या 'बाप्पा'वर असा लांब श्वास सोडत, की वाटे, आख्खं मोहगाव उचलून ठेवलं यांनी.

सातवीपासून मी त्यांची नक्कल करून राहिलो. बसमधे, लग्नात, पानठेल्यावर. एकदा त्यांनी मागून ऐकली. म्हणाले, "श्वास कमी पडून राहिला तुया. थकायलेही ताकद लागते, बेट्या."

पोळ्याला रामाकोन्याजवळ कन्हान नदीवर बैलं धुणं चालू होतं. काका आपली जोडी घेऊन गुडघाभर पाण्यात कुरकुरत उभे. मी डोहाजवळ काठावर चपला काढून गर्दीत मागं त्यांचीच नक्कल करत होतो. लोक हसत होते. तेवढ्यात एक बाई किंचाळली. दोन पोट्टे डोहात ओढले गेले होते.

आम्हाला कळेपर्यंत काकांनी बैल खोल पाण्यात लोटला होता अन् त्याची शेपटी धरली होती. साठीचा माणूस! एक पोट्टा बगलेत, दुसरा बैलाच्या पाठीवर. दोघंही काठावर येऊन खोकले, रडले. काका चिखलात आडवे.

अन् कोणीतरी ओरडलं, "डोहाकाठी चपला तीन जोड हायेत! तिसरा पोट्टा कुठी?"

आमच्याकडचे पोट्टे बापाच्याच चपला घालून फिरतात. माप कोण पाहते?

"नका जाऊ काका, दम लागला तुम्हाले," लोक म्हणाले.

"दम त रोजच लागते," काका म्हणाले, अन् पाण्यात गेले. बुडी. वर. पुन्हा बुडी. मी टाचा उंचावून पाहत होतो. पायाला गोटा टोचला, तेव्हा खाली पाहिलं. अनवाणी.

"काका! माया हायेत त्या!" गावभराचे आवाज काढतो मी, माझा स्वतःचा तिसऱ्या खेपेला निघाला.

दोघांनी दावं फेकून काकांना ओढून काढलं. मी थापड खायला गाल पुढं केला. त्यांनी एक डोळा उघडला.

"तुया होत्या? बरं झालं बाप्पा. मंग कोणी राहिलं नाही."

त्या दिवशीचा खोकला त्यांच्या छातीतून गेलाच नाही. होळीच्या आधी काका गेले.

आता नदीवर गेलो की चपला हातात धरतो. दोस्त म्हणतात, "कर ना बे काकाची." करतो. गुडघ्यावर हात, तसंच टेकणं, सगळं जमते. पण श्वास अजूनही कमीच पडते.