उस्तादांचा बंदोबस्त

उस्ताद यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. बोलण्याचा नव्हे, चालण्याचा. कडब्याच्या पेंढ्यांतून उंदीर पळावा तशी एक बारीक सळसळ त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर होत असे. परभणीच्या कचेरीसमोर लिंबाखाली अर्ज लिहीत बसलेला मी मान वर न करताच म्हणे, "या उस्ताद, बसा." अनोळखी पक्षकारांना वाटे की या गृहस्थांच्या खिशांत महत्त्वाची कागदपत्रे असावीत. वस्तुस्थिती निराळी होती. ती सभ्य व यथायोग्य शब्दांत मांडू शकेल असा माणूस जिल्ह्यात माझ्याखेरीज कोणी उरलेला नाही, सबब हे लेखन मी हाती घेतले आहे.

उस्ताद म्हणजे परभणी-पुणे या दिवसाच्या एसटीचे ड्रायव्हर. मूळचे पिंगळीच्या शेतकरी घरातले. आगारात मेकॅनिकपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. खरे नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई. आडवा बांधा, पिळदार मिशा, आणि स्टिअरिंगवर हात असा ठेवायचे की जणू गावच्या पाटलाने गादीच्या लोडावर ठेवावा. चहा मात्र अतोनात. मी एकदा हटकले तेव्हा म्हणाले, "मुन्शीजी, गाडी डिझेलवर चालती, डायवर चहावर चालतो. आन् वय झालं की दोन्हीबी गळतेत."

हे गळणे थट्टेचे राहिले नाही. उस्तादांना साखरेचा आजार जडला आणि त्यांची गाडी जागोजागी थांबू लागली. मानवतच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा, पाथरीच्या आधी, पाथरीच्या नंतर. इंजिन चालू ठेवून उस्ताद खाली उतरत आणि बाभळीच्या आड जात. प्रवासी आपले तोंड थोडेच आवरतात? मागच्या बाकावरून कोणी ओरडे, "उस्ताद, समद्या बाभळींला पानी घालायचं कंत्राट घेतलं का हो?" दुसरा म्हणे, "घालू द्या की. दुष्काळी भाग हाय."

उस्ताद हसून गाडीत चढत, पण ते हसणे वरवरचे होते. पुण्यात लग्न चुकलेल्या एका प्रवाशाने तक्रार केली आणि आगारातल्या नव्या साहेबांनी उस्तादांना बोलावून बजावले की अशीच गाडी थांबत राहिली तर लांब पल्ल्यावरून काढू व आगाराच्या आवारात गाड्या मागेपुढे करायला लावू. त्या दिवशी उस्ताद माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "मुन्शीजी, बैलाला घाण्याला जुंपल्यावानी हाय ते. दिवसभर चालायचं आन् कुठंच जायचं न्हाई. त्यापरीस मला घरी बसवा म्हनावं."

या संकटातून मार्ग काढला तो त्यांच्या पत्नीने. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. त्यांनी कमरेला बांधायची एक जाड घडी शिवली : जुन्या धोतराचे मऊ पदर, त्यांच्यामध्ये सेलूच्या जिनिंगमधला स्वच्छ कापूस, आणि सर्वांत बाहेर युरियाच्या पोत्यात असते ते आतले प्लास्टिक, धुऊन वाळवून. दोन्ही बाजूंना नाड्या. आज मोठ्या शहरांतल्या औषधाच्या दुकानांत मोठ्या माणसांकरिता अशी वस्तू पाकिटात मिळते, व तिला डायपर म्हणतात, असे कळते. त्या काळी आमच्याकडे लहान मुलालाही लंगोटापलीकडे काही ठाऊक नव्हते. काकूंना कोणी शोधक म्हटले नाही. उस्तादांनी मात्र त्या वस्तूला नाव दिले ते कोणा पंडितालाही सुचले नसते. ते म्हणाले, "हा आपला बंदोबस्त."

बंदोबस्त बांधून उस्ताद पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा गाडी वेळापत्रकातल्या थांब्यांखेरीज कुठेही थांबली नाही. कंडक्टर बाबूराव घाबरला. त्याला वाटले, उस्तादांना काहीतरी झाले. नगरच्या स्टँडवर त्याने हळूच विचारले, "उस्ताद, तब्येत बरी हाय ना?" उस्ताद म्हणाले, "लय कोरडी हाय."

पुढे त्यांना या वस्तूचा प्रचार करण्याचे वेडच लागले. नवा पंथ घेतलेला माणूसही इतका प्रचार करणार नाही. तीन-तीन तास उभे राहणारे एक कीर्तनकार बुवा त्यांच्या गाडीने जात. पूर्वी त्यांचा उत्तररंग फार घाईत उरके; बंदोबस्त मिळाल्यापासून तो आवरेना, अशी श्रोत्यांची तक्रार आली. साखर कारखान्याकडे ट्रकमध्ये बसून जाणाऱ्या ऊसतोडीच्या बायांसाठी उस्तादांनी काकूंकडून ढीगभर बंदोबस्त शिवून घेतले. तेव्हा मात्र ते थट्टा करत नसत. "गडी मानूस दांडग्या आवाजात गाडी थांबीव म्हनतो. बाईनं कुनाला म्हनावं? ती सकाळपासून पानीच पीत न्हाई," असे म्हणत. मलाही त्यांनी एक आणून दिला होता. मला खंडपीठात तारखेसाठी औरंगाबादला जायचे होते. मी तो वापरला किंवा कसे, हा मुद्दा प्रस्तुत लेखनाच्या कक्षेबाहेरचा आहे.

परंतु साहेबांचा राग अजून गेलेला नव्हता. जुन्या तक्रारीवर त्यांनी उस्तादांकडे लेखी खुलासा मागितला आणि तो लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले तरी सरकारी कागदावर मी आजवर एकही अशिष्ट शब्द येऊ दिलेला नाही. लघुशंका हा शब्दसुद्धा मला साहेबापुढे ठेवण्यास संकोच वाटतो. म्हणून मी लिहिले : "अर्जदारास मार्गात येणाऱ्या अडचणीचा त्याने कायमचा बंदोबस्त केला असून, सदरहू बंदोबस्त तो कर्तव्यावर असताना सतत अंगावर, कपड्यांच्या आत बाळगतो, व प्रसंग आल्यास त्याचा वापर करण्यास मागेपुढे पाहत नाही."

या मजकुरात आजही मला कानामात्रेची चूक सापडत नाही. परंतु ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. रस्ते कधी बंद होतील, गाडीवर कधी दगड येईल, सांगता येत नव्हते. चौकाचौकांत पोलीस होते. साहेबांनी खुलासा वाचला आणि ड्रायव्हर अंगावर हत्यार बाळगतो असा अर्थ काढून कागद थेट पोलिसांकडे पाठवला.

पाथरीच्या चौकात गाडी अडवली गेली. पुढचा प्रसंग मला बाबूरावाने सांगितला, आणि तो प्रत्येक वेळी सांगताना जमिनीवर बसून घेई. जमादार केबिनच्या दारात येऊन गरजला, "खाली उतर! अंगावर काय बाळगतोस?"

"बंदोबस्त, साहेब."

"बंदोबस्त आमी हाव. तुझ्याकडं काय हाय ते सांग."

"माझ्याकडंबी बंदोबस्तच हाय."

"हात वर!" जमादाराने कमरेला चाचपले. सळसळ झाली. तो एक पाऊल मागे सरला. "हे काय वाजायलंय?"

"युरिया."

हे ऐकताच दोन शिपाई आणखी मागे सरले. गाडीतले सगळे प्रवासी एका बाजूच्या खिडक्यांशी जमले आणि गाडी कलली. एक म्हातारी म्हणाली, "अवो, सोडा त्या लेकराला. मुताचा आजार हाय त्याला. समद्या रोडला म्हाईत हाय." मी इतक्या कसोशीने टाळलेला शब्द तिने भर चौकात उच्चारला.

जमादार उस्तादांना चौकीत घेऊन गेला. दार लागले. बाबूराव म्हणतो, आता मारहाणीचा आवाज येईल म्हणून त्याने कान झाकले होते. दार उघडले तेव्हा जमादार पुढे आणि उस्ताद मागे नाडी आवळत. जमादाराचा चेहरा गंभीर होता. त्याने शिपायांना दूर पाठवले आणि खालच्या आवाजात विचारले, "उस्ताद, कुठं शिवून भेटतंय हो हे? फटफटल्यापासून चौकात उभा हाय मी. जागा सोडली तर साहेब खातो. न्हाई सोडली तर काय होतंय ते माझं मला म्हाईत."

जमादाराने 'आक्षेपार्ह काहीही आढळले नाही' असा शेरा मारला, आणि वर आगाराच्या साहेबांना जातीने सांगितले की हा माणूस कर्तव्यात इतका तत्पर आहे की आमच्या खात्याने धडा घ्यावा. उस्ताद लांब पल्ल्यावर कायम राहिले. काकूंकडे पाथरीहून मागणी आली. कापड खाकीच हवे, अशी अट होती. गणवेशात बसावे म्हणून. मला एवढेच नमूद करायचे आहे की माझ्या अर्जाचा निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला.

त्यानंतर कित्येक वर्षे उस्ताद पुण्याला जात-येत राहिले. मला वाटले होते, असेच निवृत्त होतील.

एका सकाळी पाथरीच्या तहसिलीत काम होते म्हणून मी त्यांच्याच गाडीत, अगदी केबिनमागच्या बाकावर बसलो होतो. ऊन स्वच्छ होते. मानवत सुटल्यावर उस्तादांनी गाडी एकाएकी हळू केली आणि बाबूरावाला जवळ बोलावले. "म्होरं काय हाय रे? बैलगाडी का झाड?"

बाबूराव म्हणाला, "झाड हाय, उस्ताद. बाजूला हाय."

उस्तादांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि किल्ली काढली. मागून लगेच आवाज आला, "काय उस्ताद, बंदोबस्त फुटला का?" सगळी गाडी हसली.

उस्ताद वळून म्हणाले, "बंदोबस्त मजबूत हाय, भाऊ. नजर फुटली."

बाबूराव समोरून आलेल्या जीपमधून मानवतला दुसऱ्या ड्रायव्हरसाठी फोन लावायला गेला. मी खाली उतरलो. उस्ताद बोनेटला टेकून उभे होते. मी त्यांना धीर देत म्हणालो, "काळजी करू नका. नजरेचा दोष तात्पुरता असून अर्जदार उपचार घेत आहे, असा अर्ज मी आत्ता पाथरीत बसून लिहितो. साहेबांना तो दिसताक्षणी पटेल. तुमचे लांब पल्ल्याचे काम जाणार नाही."

उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुन्शीजी, तुमच्या अर्जानं साहेबाला दिसंल. मला कसं दिसंल? आत पन्नास मानसं हायती."

मी चष्मा पुसला.

बाबूरावाबरोबर नवा ड्रायव्हर आला, तरुण होता. त्याने संकोचून उस्तादांना आपल्या मागची पहिली जागा देऊ केली. उस्ताद म्हणाले, "नको बाबा. मागं कुनी उस्ताद बसला की गिअर चुकतो." परतीच्या गाडीने घरी जा, असेही बाबूरावाने विनवले, तर म्हणाले, "पुन्याला निघालोय ना? पुन्याला पोचतो." आणि ते सळसळत जाऊन पार मागच्या लांब बाकावर, खिडकीशी बसले. शेजारच्या माणसाने सरकून जागा दिली.

पाथरीला मी उतरलो. निरोप घ्यावा म्हणून गाडीच्या कडेने मागे गेलो आणि त्यांच्या खिडकीखाली उभा राहिलो. हाक मारणार, तोच पाहिले. उस्तादांचे डोके गजाला टेकले होते, तोंड किंचित उघडे होते, आणि ते गाढ झोपले होते. एसटीत झोपलेले उस्ताद मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होतो. मी हाक मारली नाही. बाबूरावाने घंटीही जरा हळूच मारली.