टोमणे बंद पडले तेव्हा

माझी चाल बिघडली ती साऱ्या सोसायटीच्या डोळ्यांदेखत, आणि ती का बिघडली हे बोईसरमध्ये माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या वहिनींच्या मते गुडघे. तळमजल्यावरच्या काकांच्या मते बी-बारा. आमच्या यजमानांच्या मते आळस. हे गृहस्थ औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेले, त्यामुळे बंद पडलेलं कुठलंही यंत्र दोन लाथा घातल्या की चालू होतं यावर त्यांची गाढ श्रद्धा. मला लाथ घालणं शक्य नसल्यामुळे त्यांनी सकाळचं फिरणं लावून दिलं. ते पुढे झपाझप, मी मागे पाय घासत.

पावलं उचलायचीच नाहीत. दुखत काही नव्हतं, जोरही होता, पण निघायच्या वेळी तळवे फरशी सोडायला तयार नसत. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढले आणि या वयात असायची तेवढी झीज मोठ्या आनंदानं दाखवली. मग पट्टे आले, कॅल्शियम आलं. पुढच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या. माझा हात कापत नव्हता, हे मी नम्रपणे सांगून पाहिलं. कापेल, असा धीर त्यांनी दिला. गोळ्यांनी मळमळलं, बाकी फरक शून्य.

मधल्या काळात लघवीची घाई सुरू झाली. घाई म्हणजे सूचना मिळायची आणि अंमलबजावणीही लगेच व्हायची. बोईसर ते पालघर रस्त्यावर बाईमाणसाला जाता येईल अशी स्वच्छ जागा कुठे आहे, याचा मी सखोल अभ्यास केला. अभ्यास फार लवकर संपला.

एकदा मासळी घ्यायला सातपाटीला गेलो होतो. बोंबलांच्या टोपलीसमोर माझे पाय अडकले ते अडकलेच. मासळीवाली बाई थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "घ्याचं नाय तर बाजूला हो ना गो बाय. मागं गिऱ्हाईक हाय." तिचं काही चुकलं नव्हतं. मला बाजूला व्हायचंच होतं. गाडी लावायला गेलेले यजमान परत येऊन हाताला धरेपर्यंत साडी ओली झाली होती. बंदरावर सगळंच ओलं असतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण मला काहीच वाटलं नाही. गाडीत बसून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

हे काहीच न वाटणं हळूहळू वाढत गेलं. आयुष्यभर मी शाळेत गणित शिकवलं. आता वर्तमानपत्रातलं कोडं अर्धं सोडून मी तशीच बसून राही. बोलता बोलता वाक्य मध्येच सुटायचं. चाळीस वर्षांच्या संसारात यजमानांना प्रथमच स्वतःचं वाक्य शेवटपर्यंत बोलायची संधी मिळाली, आणि सुरुवातीला त्यांनी ती भरपूर उपभोगली. बायको म्हातारपणी शांत झाली, असं ते फोनवर मुलीला कौतुकानं सांगत.

मग एके दुपारी त्यांनी खिचडी केली. खाली करपलेली, वर कच्ची, मीठ विसरलेली. त्यांनी विचारलं, कशी झालीय? मी म्हटलं, "बरी आहे." आणि खात राहिले. त्यांनी चमचा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पालघरला आठवड्यातून एकदा येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

या डॉक्टरांनी मला आधी व्हरांड्यात चालायला लावलं. वळताना मी जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत राहिले. मग त्यांनी लघवीचं विचारलं, विसरण्याचं विचारलं. आणखी काही बदल जाणवतो का, असं विचारल्यावर यजमान पुढे सरकले.

"ती आता मला टोमणे मारत नाही," ते म्हणाले.

डॉक्टर आधी हसले. यजमान हसले नाहीत, तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूतल्या पोकळ्या दाखवल्या. तिथे पाणी रोज तयार होतं आणि रोज शोषलंही जातं; माझ्या डोक्यात शोषायचं काम ढिलं पडलं होतं आणि पोकळ्या फुगल्या होत्या. दाब मोजला तर साधारण नेहमीएवढाच भरतो, म्हणून आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. बाई भिंत धरून चालतेय, साडी ओली करतेय, नवऱ्याला काही बोलत नाहीये, आणि नावात नॉर्मल.

शंट, म्हणजे हे पाणी वाहून नेणारी नळी, बसवून उपयोग होईल का, हे पाहायला आधी पाठीतून थोडं पाणी काढून बघायचं होतं. त्यासाठी मुंबईच्या इस्पितळात गेलो. महामार्गावर कोंडी होतीच. मी मोठ्या माणसांचं डायपर बांधून एका टँकरची मागची बाजू तासन्‌तास न्याहाळली. इस्पितळात फिजिओथेरपीच्या बाईंनी माझं चालणं मोबाइलवर टिपलं. मग मला कुशीवर मुटकुळं करून झोपवलं आणि मणक्यात सुई घातली. दुपारनंतर पुन्हा चालायला सांगितलं. मी पाऊल उचललं आणि ते उचललं गेलं. पुढचंही. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन मी सरळ वळून परत आले.

यजमानांनी चष्मा काढून पुसला. पण गप्प राहणं त्यांना कुठलं जमायला. म्हणाले, बघ, मी सांगत होतो ना, मनावर घेतलंस की जमतं.

"अहो," मी म्हटलं, "पाणी माझ्या पाठीतून काढलंय. अक्कल तुमची कशी गळली?"

ते तिथल्या डॉक्टरांकडे वळले आणि एवढंच म्हणाले, "आली परत ही."

काही दिवसांत पाणी पुन्हा भरलं आणि पाय पुन्हा चिकटले. तसं होणार हे सांगितलेलंच होतं. ऑपरेशनने चालणं बहुधा सुधारेल, लघवीही, आठवणीचं खात्रीनं सांगता येत नाही, आणि रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा धोका आहे, असं सर्जनांनी स्पष्ट सांगितलं. मी हो म्हटलं. घाबरले होते, आणि घाबरता येतंय याचं जरा बरंही वाटलं.

अर्धं डोकं भादरलं. कवटीला भोक पाडून पोकळीत नळी, कानामागे झडप, तिथून कातडीखालून मान आणि छातीवरून नळी थेट पोटात. मेंदूतलं जास्तीचं पाणी आता पोटात जिरतं. घरी आल्यावर उभी राहिले की डोकं ठणकायचं, आडवी झाले की थांबायचं. पाणी जरा जास्तच वाहत होतं. सर्जनांनी डोक्यावर एक चुंबकी यंत्र टेकवून झडप बाहेरूनच आवळली. एकदा नाही भागलं, पुन्हा जावं लागलं. त्या फेऱ्यांत टँकर बदलले, कोंडी तीच.

आता मी चालते. जिन्यावर कठडा धरते. डायपर सुटलं, रात्रीची थोडी धाकधूक आहे. आठवण काही आली, काही नाही. कोडं सुटतं, पण जुन्या विद्यार्थ्यांची नावं ओठांवर येऊन परत जातात. ते आजाराचं की वयाचं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

सोसायटीत सध्या माझा फार दरारा आहे. बी विंगमधल्या एका बाईंच्या सासूबाई पाय ओढत चालतात हे दिसल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन मेंदूतल्या पोकळ्यांवर व्याख्यान दिलं आणि त्यांना पालघरला धाडूनच थांबले. डॉक्टरांनी नीट तपासलं.

गुडघे निघाले. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.